देव जागेवर, दफ्तर हललं

1915 साली बडोदा संस्थानात हिंदू पुरोहित कायदा झाला. लग्नं-मुंजी लावणाऱ्या भटजींनी आधी परीक्षा द्यायची, पास झाल्याचा दाखला घ्यायचा, आणि मंत्र म्हणताना त्यांचा अर्थ यजमानाला समजेल अशा भाषेत सांगायचा, असं तो कायदा सांगत होता. बाप भटजी म्हणून मुलगा भटजी, एवढ्यावर आता भागणार नव्हतं. गंमत म्हणजे हा कायदा करणारा राजा काही देवधर्म मोडायला निघालेला नव्हता. सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात गणपती बसत होता, सणवार साग्रसंगीत होत होते. विधी करायचा तर खुशाल करा, पण आपण काय करतोय ते कळू द्या, एवढाच कायद्याचा रोख होता.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात सयाजीरावांचा विषय निघाला की वाचनालयं येतात, सक्तीचं शिक्षण येतं, लक्ष्मी विलास पॅलेस येतो, आंबेडकरांची शिष्यवृत्ती येते. पुरोहित कायदा सहसा कोणाच्या तोंडी नसतो. समाज सेक्युलर होत जातो तेव्हा धर्माचं नेमकं काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर मला मात्र याच कायद्यापासून सुरुवात करणं सोयीचं वाटतं.

या विषयावर घरोघरी होणारा वाद साधारण ठरलेला आहे. एक काका म्हणतात, हल्लीच्या पोरांचा देवावर विश्वासच उरला नाही. मुंज हॉटेलात, श्राद्ध ऑनलाइन, संध्या तर कोणाला येतच नाही. दुसरे म्हणतात, कुठलं काय, रविवारी पावागडच्या देवीला जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही डोकी मोजतात. डोकी मोजून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

झालंय असं, की 'समाज सेक्युलर होणं' या एका नावाखाली अभ्यासक बरीच वर्षं तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबत आले होते. होसे कासानोवा या समाजशास्त्रज्ञाने 1994 मध्ये त्या सुट्या करून मांडल्या. एक म्हणजे पूर्वी धर्माकडे असलेली कामं सरकार, कोर्ट, शाळा, दवाखाना, बाजार यांच्याकडे जाणं. दुसरी, लोकांची श्रद्धा आणि आचार कमी होणं. तिसरी, धर्म चारचौघांतून उठून घराच्या आत जाणं, ज्याची त्याची खाजगी बाब होणं. पहिली गोष्ट झाली की बाकीच्या दोन आपोआप मागून येणार असं जुनं गृहीतक होतं. प्रत्यक्षात पहिली जवळजवळ सगळीकडे झाली, दुसरी काही देशांत झाली आणि काहींत झाली नाही, आणि तिसरी आपल्याकडे तर उलट्याच दिशेला गेली. एवढं लक्षात ठेवलं तरी वरच्या दोन काकांचं भांडण निम्म्यावर येतं.

पहिल्या गोष्टीकडे जरा सावकाश बघू, कारण खरा बदल तिथे आहे आणि तो सगळ्यात कमी दिसतो.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या घराला धर्म कशाकशासाठी लागायचा? मूल कधी जन्मलं याची नोंद जोशीबुवांनी मांडलेल्या पत्रिकेत. पणजोबांचं नाव काय होतं हे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. लग्न धड झालं की नाही हे शास्त्री आणि जात ठरवणार. भांडण जातीच्या पंचायतीत, शिक्षा म्हणजे वाळीत टाकणं. पोरगा शिकायला हवा तर पाठशाळा किंवा मदरसा. दुष्काळात पोटाला देवस्थानचं अन्नछत्र. अंगावर देवीचे फोड उठले तर शीतळामातेला थंडा नैवेद्य. धर्म म्हणजे त्या काळी जन्ममृत्यूचं कार्यालय, कोर्ट, शाळा, रेशनिंग आणि दवाखाना असं सगळं एकाच छपराखाली होतं. श्रद्धा ठेवायची की नाही हा प्रश्न माणसाला फारसा पडतच नसे, कारण श्रद्धा असो-नसो, दफ्तर तिथेच होतं.

ते दफ्तर हललं. बडोद्यात ते हलवण्याचं काम खुद्द राजाने केलं, आणि ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बऱ्याच आधी केलं. 1893 साली अमरेली महालात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, 1906 साली तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलाने काय शिकायचं हे ठरवण्याचा हक्क त्या दिवशी जातीच्या आणि घराण्याच्या हातून सुटला. 1904 साली बालविवाह प्रतिबंधक कायदा आला: मुलगी किमान बारा वर्षांची, मुलगा सोळा. आज हे आकडे वाचून आपल्याला कसंसंच होतं, पण मुलीचं लग्न आठव्या वर्षी लावणं हेच पुण्याचं काम असं शास्त्राधाराने सांगणाऱ्या समाजात सरकारने 'बारा' म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. 1931 मध्ये या संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. सगळ्या देशातल्या हिंदूंना तो हक्क मिळायला 1955 उजाडावं लागलं.

श्रावणातल्या दक्षिणेचंही तसंच झालं. ब्राह्मणांना सरसकट दक्षिणा वाटण्याची जुनी चाल होती. तिच्या जागी परीक्षा आल्या, जो विद्या दाखवेल त्याला दक्षिणा. दान तेच, खजिनाही तोच. बदललं ते एवढंच, की पात्रता आता जन्मावरून ठरत नव्हती.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. इथल्या विद्यापीठाच्या प्राच्य विद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार केली; तिचे खंड 1960 ते 1975 या काळात निघाले. देशभरातून गोळा केलेल्या हस्तलिखितांचे पाठ शेजारी शेजारी ठेवायचे, कुठला श्लोक जुना, कुठला मागाहून घुसलेला हे ठरवायचं, आणि प्रत्येक निर्णयाचा पुरावा पानाखाली छापायचा. त्याच गावात रामनवमीला बारा वाजता पाळणा हलत होता, सुंठवडा वाटला जात होता. एकाच ग्रंथाची एकीकडे पूजा आणि एकीकडे तपासणी चालली होती, आणि कोणाचं कोणावाचून अडलं नाही. 'सेक्युलर समाज' असा दिसतो. ग्रंथ देव्हाऱ्यात आहेच. पण त्याच्या शब्दांबद्दल अधिकाराने बोलणारी दुसरीही एक जागा तयार झालेली असते.

तेवढ्यावर भारावून जाऊ नये म्हणून 1917 आठवायला हवं. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर त्या वर्षी सप्टेंबरात इथे नोकरीवर रुजू झाले. संस्थानाला ते हवे होते. गावाने मात्र त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात आली. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्यात एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने टाळलं. शेवटी कमाटी बागेत तासन् तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दफ्तर हलवणं सरकारच्या हातात असतं. उंबरठ्याच्या आत कोणाला घ्यायचं हे सरकारी हुकमाने लवकर बदलत नाही, आणि त्या बाबतीत सगळ्या धर्मांची माणसं एकमेकांसारखीच वागताना दिसतात.

आता दुसरी गोष्ट, श्रद्धा कमी होण्याची. इथे आकडे बोलतात, तेव्हा थोडक्यात आटपू.

माक्स वेबर या जर्मन विचारवंताने त्याच 1917 साली म्युनिकच्या एका व्याख्यानात मांडलं होतं, की आधुनिक जगात गूढ, अदृश्य शक्तींची जागा हिशेब आणि तंत्र घेत चाललंय. तिथून निघालेला तर्क असा, की विज्ञान वाढेल तसा देव आटेल. 1968 मध्ये पीटर बर्जर या नामवंत समाजशास्त्रज्ञाने तर भाकीत केलं, की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसं लहान लहान पंथांपुरती उरतील. पुढे 1999 मध्ये याच बर्जरनी मान्य केलं, की आपलं गृहीतक चुकलं; जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे, काही ठिकाणी जास्तच. विद्वान माणसाने जाहीरपणे शब्द मागे घेणं दुर्मीळ असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण युरोपापुरतं जुनं भाकीत बरंचसं खरं ठरलं. इंग्लंड आणि वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 59.3 टक्के होते, 2021 मध्ये 46.2 टक्के, 'कुठलाही धर्म नाही' म्हणणारे 25.2 वरून 37.2 टक्क्यांवर गेले. अमेरिका बरीच वर्षं अपवाद म्हणून दाखवली जायची, तिथेही कुठल्याच धर्मात स्वतःला न मोजणारे 2007 मध्ये 16 टक्के होते, ते 2023-24 पर्यंत 29 टक्क्यांच्या घरात पोचले. आपल्याकडे? प्यू या संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये सुमारे तीस हजार भारतीयांना विचारलं. देव मानतो म्हणणारे 97 टक्के. धर्म आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचा आहे म्हणणारे 84 टक्के. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगणारे पाव टक्कासुद्धा नव्हते.

हा फरक का? एक बऱ्यापैकी पटणारं स्पष्टीकरण सुरक्षिततेचं आहे. म्हातारपणी पेन्शन, आजारपणात दवाखाना, नोकरी गेली तर भत्ता याची खात्री जिथे सरकार देतं, तिथे संकटात नवस बोलायची गरज पिढ्यान् पिढ्या कमी होत जाते. जिथे एका ऑपरेशनमध्ये घर विकायची वेळ येते, तिथे ती कमी होत नाही. मला हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. ते नवसाला लागू पडतं, सणाला पडत नाही.

शीतळा सातमचंच बघा. देवीचा रोग 1980 साली जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. भारत तर त्याआधीच, 1977 मध्ये, रोगमुक्त ठरला होता. ज्या भीतीपोटी शीतळेला नैवेद्य दाखवत त्या भीतीचं कारणच संपलं. तरी श्रावणात आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे रांधण छठला, म्हणजे सातमच्या आदल्या दिवशी, दिवसभर ढेबरी, पुऱ्या, वाटाणे-बटाटे असा रांधा चालतो, रात्री गॅसची शेगडी स्वच्छ पुसून तिला हळदकुंकू लागतं, आणि सातमला ती पेटत नाही. थंड जेवण सगळं घर खातं. सून कॉर्पोरेट नोकरीतली असली तरी त्या दिवशी डब्यात थंडी ढेबरीच नेते. लसीने शीतळेचं वैद्यकीय खातं बंद केलं. सातमचा दिवस, माहेरच्या आठवणी आणि शेजारी फिरणारं ताट यांच्याकडे लसीचं काही काम नव्हतं. काम गेल्यावरही जे टिकतं त्याला निव्वळ भाबडेपणा म्हणून निकालात काढणं मला पटत नाही.

तिसरी गोष्ट: धर्म घरात गेला का? बडोद्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन दिवस काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचं धाडस करू नये.

गणपती आणि नवरात्र आधी होते त्याहून कितीतरी मोठे झालेत. पण त्यांच्याभोवतीची चौकट बघा. मूर्ती कुठे शिरवायची हे आता महापालिका ठरवते: नवलखीच्या कृत्रिम तलावात, किंवा नेमून दिलेल्या दुसऱ्या एखाद्या तलावात. मूर्ती कशाची असावी याबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आहेत, 2020 मध्ये त्या सुधारल्या गेल्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला बारापर्यंत सवलत द्यायची तर ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि हेसुद्धा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेलं. मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि मार्ग तिथे ठरतो. अंबा मातेचा गरबा पास काढून खेळायचा, हातात बारकोडची पट्टी बांधून. 2023 च्या डिसेंबरात गुजरातचा गरबा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आता गंमत अशी, की यादीत गेला तो 'वारसा' म्हणून. मधोमध ठेवलेल्या गरबीतल्या दिव्यापुढे नाचणाऱ्या बाईच्या लेखी ती भक्ती आहे, शेजारी रील बनवणाऱ्या मुलीच्या लेखी मजा, पर्यटन खात्याच्या लेखी संस्कृती. तिघंही एकाच वर्तुळात फिरतात आणि कोणी कोणाला हटकत नाही.

फ्रान्सने 1905 साली कायदा करून राज्य आणि चर्च यांची फारकत केली. सरकार कुठल्या पंथाला मानत नाही आणि पगारही देत नाही. आपण ती वाट घेतली नाही. आपल्याकडे आषाढी एकादशीला पहाटे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पंढरपुरात शासकीय महापूजा करतात. आणि त्याच सरकारने 1973 मध्ये कायदा करून त्याच मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले, चाळीस वर्षं कोर्टात लढाई झाली, आणि 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय कायम झाला. फ्रेंच माणसाला महापूजाही कळणार नाही आणि कायदाही. आपल्याला दोन्ही एकदम चालतात. विठ्ठलापुढे हात जोडायचे, आणि विठ्ठलाच्या दानपेटीचा हिशेब मात्र मागायचा.

आपल्या राज्यघटनेने ही सोय करून ठेवली आहे. कलम 25 धर्माचं आचरण करायचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, की धर्माशी जोडलेल्या आर्थिक किंवा इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार नियम करू शकतं. नैवेद्य काय दाखवायचा ते पुजारी बघेल, देवस्थानची जमीन कोणाला भाड्याने दिली ते धर्मादाय आयुक्त बघेल. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात रेषा कुठे मारायची यावर न्यायालयांत सत्तर वर्षं खल चाललाय. 1954 च्या शिरूर मठ प्रकरणापासून 'धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता' हे न्यायमूर्तींना ठरवत बसावं लागतं, जे मुळात त्यांचं काम आहे का, हाही एक प्रश्नच आहे.

कधीकधी सरकार काम उलट धर्माकडे परत पाठवतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधी झाल्याशिवाय लग्न होत नाही. नुसतं प्रमाणपत्र आणून भागत नाही. विधी नको असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस लावा आणि सह्या करा. म्हणजे सप्तपदी आता नाइलाज राहिलेली नाही, दोन पर्यायांतला एक आहे. माझ्या मते सगळ्या बदलाचं मर्म इथे आहे. जे सक्तीचं होतं ते निवडीचं झालं. आणि निवडून घेतलेल्या गोष्टीकडून माणसाच्या अपेक्षा वाढतात.

आमच्या नात्यातल्या एका घरी वर्षश्राद्ध होतं. धाकटा मुलगा टोरांटोहून व्हिडिओ कॉलवर, तिकडे रात्र, टी-शर्टवर उपरणं. टॅबलेट पाटावर दत्ताच्या फोटोला टेकून उभा केलेला. गुरुजींनी संकल्प सुरू केला: संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी, आणि नर्मदेच्या उत्तर तीरी. मुलाने मध्येच थांबवलं. "गुरुजी, मी नर्मदेच्या तीरावर नाहीये. माझ्यासाठी काय म्हणायचं?" मोठ्या भावाने कपाळाला हात लावला. गुरुजींनी मात्र चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "तिथी आणि तीर इथलंच धरा, कारण श्राद्ध या घरात चाललंय. तुम्ही तिथे फक्त पाणी सोडा, आणि वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्या. नावं माहीत आहेत ना?" पणजोबांचं नाव माहीत नव्हतं. आत्याबाईंनी आतून ओरडून सांगितलं.

हा मुलगा संध्या करत नाही, जानवं कुठे आहे ते त्याला माहीत नाही, आणि शंका विचारल्याशिवाय त्याचा हात पळीला लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी हे उद्धटपणात जमा झालं असतं. आज पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी स्त्रियांसह कोणालाही पौरोहित्य शिकवतात, मराठीतून अर्थ सांगत लग्नं लावतात, आणि बडोद्याच्या गुरुजींनाही फोनवर पहिला प्रश्न तोच येतो: अर्थ सांगाल ना? 1915 साली जे कायद्याचा बडगा दाखवून करून घ्यावं लागलं, ते आज यजमान स्वतः दक्षिणा देऊन मागतो. कालबाह्य म्हणून मोडीत गेलेला तो कायदा गिऱ्हाइकाने परत आणला म्हणायचा.

निवडीची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आचार कमी माहीत असणं आणि अभिमान मोठा असणं हे एकत्र नांदू शकतं. रामरक्षा पाठ नसलेल्या माणसाच्या गाडीच्या काचेवर सगळ्यात उग्र चेहऱ्याचा देव असतो. पूर्वी धर्म रोजच्या कामांत पातळ पसरलेला होता, त्यामुळे त्याचं वेगळं प्रदर्शन करायचं कारण नव्हतं. कामं गेली, उरली ओळख, आणि ओळख समोर कोणीतरी 'दुसरा' असला की जास्त चमकते. मिरवणुकीचा आवाज कुठल्या चौकात वाढतो हे जुन्या बडोद्यात मांडवीच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही विचारा. याला धर्म वाढला म्हणावं की धर्माचं राजकारण वाढलं, यावर माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण दोन्ही एकाच माणसाच्या अंगात असतात, सुटी करून दाखवणं अवघड आहे.

मग सगळी कामं गेल्यावर धर्माकडे असं काय राहतं जे दुसऱ्या कोणाला जमत नाही? 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, याचं उत्तर सगळ्या शहराने बघितलं. खासवाडीच्या स्मशानात रांगा होत्या. व्यवस्थेने जमेल तेवढं केलं: शववाहिनी आली, गॅसची किंवा लाकडाची सोय झाली, मृत्यूचा दाखला मिळाला. दफ्तर म्हणून बघितलं तर काम पूर्ण झालं होतं. तरी पुढे वर्षभर लोक गुरुजींना फोन करत राहिले, की तेव्हा काहीच करता आलं नाही, आता काय करता येईल? त्यात देव न मानणारेही होते. दहा दिवस रोज त्याच वेळी माणसं येऊन बसतात, तेराव्याला गोड खाऊन उठायचं असतं, आणि 'आता पुरे' असं शोक करणाऱ्याला दुसरं कोणीतरी अधिकाराने सांगतं. हे वेळापत्रक कुठल्याही कार्यालयाने तयार केलेलं नाही. देहदानाचा फॉर्म भरून वैद्यकीय महाविद्यालयाला शरीर देणाऱ्या घरांतसुद्धा, दहनच नसताना, तेराव्याला लोक जमतातच.

आणि आता सगळ्यात कंटाळवाणा पण अगदी खरा प्रश्न: या सगळ्याचा खर्च कोणी करायचा? जुन्या बडोद्यातले वाडे पडतायत, त्यांच्या जागी पाच मजली सोसायट्या उभ्या राहतायत. वाड्यात घराण्याचं खाजगी देऊळ असायचं, एका खोलीएवढं. वारस पुण्यात, अमेरिकेत. बिल्डर देव हलवायला धजत नाही, म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात संगमरवरी गाभारा बांधून देतो. पुजाऱ्याचा पगार मेन्टेनन्समध्ये घालायचा का? एका सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ख्रिस्ती रहिवाशांनी अगदी सौम्यपणे विचारलं, की आम्हीही भरायचे का. एक निवृत्त वकील उठले आणि त्यांनी कलम 27 वाचून दाखवलं: एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी कोणावरही कर भरण्याची सक्ती करता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, ते सरकारसाठी आहे, सोसायटीसाठी नाही. वकील म्हणाले, माहीत आहे, पण तत्त्व वाईट आहे का? पाऊण तास कचाकच झाली, कोणीतरी चहा मागवला. ठराव झाला तो असा: गाभाऱ्याचा दिवा कॉमन मीटरवर, कारण तो पार्किंगलाही उजेड देतो. पुजाऱ्याचा पगार वेगळ्या पावतीपुस्तकावर, ज्याला द्यायचा त्याने द्यायचा. आणि पुस्तक सांभाळायचं काम, कोणीच हात वर करेना म्हणून, वकिलांच्याच गळ्यात पडलं.